कावीळ बी

मार्चची अकरा तारीख. सकाळपासून हळकुंडं निवडायला बसले होते. लांब एकीकडं, गड्डे एकीकडं, तुकडा एकीकडं. मांडीवर सूप. अंगात त्राण नव्हतं, पण या कामाला डोकं लागत नाही, हात चालत राहतात.

सांगलीतली हळदीची वखार. आम्ही निवडणाऱ्या बायका वीसेक. बाहेरच्या माणसाला आम्ही सगळ्या एकसारख्या दिसतो. पिवळ्या. नखं पिवळी, टाचांच्या भेगा पिवळ्या, शिंकलं तर रुमाल पिवळा. झोपून उठलं की चादरीवर बाई उमटलेली असते.

मालकीणबाई वखारीत कधी येत नाहीत. त्यांना धूळ सोसत नाही. त्या दिवशी आल्या. नाकाला पदर, मागं दिवाणजी. मला वाटलं, लेकीच्या लग्नाची हळद काढायला आल्या. तशी हळद काढायची असली की सवाष्णी पुढं बसतात, आणि मी आणि रजियाभाभी आपण होऊन उठतो, पोत्यांच्या थप्पीकडं जाऊन बसतो. मी बौद्ध आणि वर विधवा, भाभी मुसलमान. आम्हाला उठा असं कुणी म्हणत नाही. उठायचं असतं हे आम्हाला माहीत आहे. म्हणून मी उठायला लागले.

"उठू नको," मालकीणबाई म्हणाल्या. "हात वर कर. कशाला हात लावू नकोस."

मी हात वर केले. चोर धरल्यावर करतो तसे.

"दोन्ही आहे तुला. एड्स पण आणि कावीळ पण. दादांनी कालच दिवाणजींना सांगितलंय. आणि तू आज येऊन आमच्या हळदीत हात घालून बसलीस? अगं, लोकांच्या लेकीबाळींच्या अंगाला लागते ही!"

दादा म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ, डॉक्टर. आदल्या दिवशी मी वखारीत चक्कर येऊन पडले, तर दिवाणजींनी मला त्यांच्याच दवाखान्यात नेलं. तिथं रक्त घेतलं, बाकावर बसवलं. डॉक्टर बाहेर आले. माझ्याकडं न बघता दिवाणजींना पॅसेजच्या टोकाला घेऊन गेले. मग मला म्हणाले, "अशक्तपणा आहे. घरी जाऊन आराम करा." मी घरी गेले. सकाळी कामावर आले. रक्त माझं होतं, आणि त्यात काय निघालं ते माझ्याआधी दिवाणजींना कळलं, त्यांच्याकडनं मालकीणबाईंना, आणि आता वीस बायकांना.

दिवाणजींनी वर्तमानपत्राच्या कागदात धरून माझ्या मांडीवरचं सूप उचललं. लांब धरून अंगणात नेलं. काडी लावली. वाळलेला बांबू तो, भडकन पेटला.

त्या हंगामात मी निवडलेली पोती माझ्या पाठीमागं छतापर्यंत लागली होती. त्यांना कुणी काडी लावली नाही. ती सौद्याला गेली.

बायका सरकल्या. माझ्या डाव्या अंगाला बसून रोज माझ्या डब्यातली चटणी खाणारी सरकली. मी बसूनच राहिले. अपमानानं नव्हे. खरं सांगते, तेव्हा अपमानाकडं माझं लक्षच नव्हतं. एड्सचं मला माहीत होतं, बारा वर्षं माहीत होतं. माझ्या कानात एकच शब्द घुमत होता. कावीळ. म्हणजे ती खरंच आली होती.

रजियाभाभी उठली. माझ्या दंडाला धरलं, पोत्यांमधनं बाहेर उन्हात आणलं आणि म्हणाली, "वर बघ."

तिनं माझ्या डोळ्याखालची कातडी बोटानं ओढली. बराच वेळ बघत राहिली.

"या अल्ला. रोज तुझ्याशेजारी बसते मी. अगं, हळद डोळ्यात उतरत न्हाई. ही हळद न्हवं."

मी पदरानं डोळा पुसला.

"ते दुसरं म्हणाली ते? ते बी खरं हाय?"

"व्हय."

"कवापासनं?"

"बारा वरसं झाली."

भाभीनं बोट काढलं. माझ्याकडं अशी बघायला लागली की मला वाटलं, ही पण गेली.

"बारा वरसं माझ्या डब्यात जेवलीस आणि मला सांगितलं न्हाईस," ती म्हणाली. "चल. शिव्या रिक्षात देते."

आणि दिल्या. सरकारी दवाखाना येईपर्यंत थांबली नाही. रिक्षावाला मागं वळून बघत होता.

हे कसं झालं ते सांगितलं पाहिजे.

माझा नवरा बोअरच्या गाडीवर होता. कर्नाटकात, आंध्रात, सहा सहा महिने बाहेर. तो एड्सनं वारला तेव्हा माझं रक्त तपासलं. पोरीचंही तपासलं, तिला काही निघालं नाही. ती आता लोणंदला नांदते. मला सरकारी दवाखान्यातली गोळी सुरू झाली. सुरू करताना तिथल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या होत्या, "ताई, तुम्हाला एचआयव्ही आहे. आणि कावीळ बी आहे."

आमच्याकडं बी म्हणजे पण. चहा दे, बटर बी दे. मी ऐकलं ते असं, की एचआयव्ही आहे आणि जोडीला कावीळ पण आहे. एवढं थोरलं दुखणं पुढ्यात असताना जोडीच्या बारक्याकडं कोण बघतं? कावीळ काय, पथ्य केलं की उतरते. माझे डोळे तर पांढरेच होते. मी धरून चालले की उतरली. मॅडमनी पुढं समजावलं असणार. पण ज्या दिवशी एचआयव्ही ऐकलं त्या दिवशी त्याच्या पुढचं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही, आणि नंतर विचारायची हिंमत झाली नाही. त्या दवाखान्याच्या दारात जेवढा कमी वेळ उभं राहीन तेवढं बरं, असं वाटायचं. गोळ्यांची डबी घ्यायची, पदराखाली घालायची, चालू पडायचं.

आता गोळी रोज घ्यायची म्हणजे तिला काहीतरी नाव पाहिजे. पोरगी विचारते, बहीण विचारते, घरमालकीण विचारते. मी नाव दिलं, शक्तीची गोळी. सगळ्यांना पटलं. विधवा बाई, दिवसभर काम, घेत असेल शक्तीची गोळी. रजियाभाभीनं तर एकदा मागितलीसुद्धा, "मला बी दे की गं एक, गुडघं दुखत्यात." मी संपल्या म्हणून सांगितलं.

संक्रांत झाल्यावर मी आक्काकडं गेले. आक्का माझी थोरली बहीण, उंब्रजजवळच्या गावात तिचं सासर. मला पित्त झालं होतं, जेवण जात नव्हतं, दोन दिवस पडून राहावं म्हणून गेले. आंघोळ करून बाहेर आले तर तिनं टॉवेल बघितला. मग माझे हात बघितले. वर्षापूर्वी तिचा दीर दाजीबा काविळीनं गेला होता, तेव्हापासून तिनं धसका घेतलेला.

"अगं बया! कावीळ झालीया तुला!"

"हळद हाय आक्का. जात न्हाई साबणानं."

"हळद मला कळत न्हाई व्हय? नखं बघ. आन जेवान जाईना म्हणतीस. आमच्या दाजीबाचं आसंच झालतं. जेवान जाईना, जेवान जाईना, आन एक दिस बोलायचंच बंद झाला."

तेव्हा हळदच होती. नुसती हळद. आज मला ते माहीत आहे. पण आक्कानं दाजीबाचं नाव काढलं आणि मला बारा वर्षांपूर्वीचं ते 'बी' आठवलं.  मी तिच्यामागं गेले.

म्हसवडच्या पुढं एका वाडीवर एक म्हातारा कावीळ उतरवतो. अंगणात माणसांची रांग. पुढ्यात परात. तो चुन्याचं पाणी माणसाच्या हाताला कोपरापासून खाली चोळतो, परातीत धुतो. पाणी पिवळं होतं. माणसं पाणी बघून हात जोडतात, म्हणतात, उतरली.

माझ्या हातावर त्यानं पाणी ओतलं. चोळलं. परातीत पडलं ते लाल.

लालभडक. रक्त सांडावं तसं.

रांग मागं सरली. एका बाईनं लेकराचे डोळे झाकले. म्हाताऱ्यानं स्वतःचे हात उचलून बघितले, त्याचे पण लाल झाले होते. त्याचा आवाज बारीक झाला.

"रगतात उतरलीया बाई. लय खोल गेलीया."

हळदीला चुना लागला की लाल होतं. कुंकू त्यातनंच करतात. वखारीच्या भिंतीला चुना लावला त्या वर्षी आमचे हात लागून सगळीकडं लाल पंजे उठले होते, आणि आम्ही बायका हसून लोळलो होतो. हे मला ठाऊक होतं. माझं अर्धं आयुष्य त्या हळदीत गेलंय. पण त्या परातीपुढं ते मला आठवलं नाही. मला रक्तच दिसलं. माझं रक्त, आणि त्यात काय काय आहे ते फक्त मला माहीत असलेलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला सगळं दिसलं. आता हा रांगेसमोर बोलणार.

"इंग्रजी औषध काय चालू हाय?" त्यानं विचारलं.

आक्का म्हणाली, "दुसरं कायबी न्हाई. शक्तीची गोळी तेवढी घेती रोज."

"शक्तीची म्हंजी गरम. तिनंच चढलीया. बंद कर आजपासनं. माझ्या औषधावर दुसरं चालायचं न्हाई."

सगळे ऐकत होते. मी काय सांगणार होते? की ही शक्तीची नव्हे, ही सोडायची नसते? मग कसली, म्हणून विचारलं असतं. आक्कानंच पहिल्यांदा विचारलं असतं. मी मान हलवली. गळ्यात मुळ्यांची माळ घालून घेतली आणि सांगलीला परत आले.

गोळ्यांची डबी भरलेली होती. ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. पथ्याचे दिवस संपले तरी तिथंच राहिली. ती हातात घेतली की मला परात दिसायची. शिवाय पित्त थांबलं होतं, बरं वाटत होतं. म्हाताऱ्याचा गुण आला असं मीच मला सांगितलं.

मग खाज सुटली. रात्रंदिवस. लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली. चार पोती ओलांडली की धाप लागायची. उन्हाळा लागतोय, पाणी कमी पितेय, म्हणून सोडून दिलं. आरशात बघितलं तर पिवळी दिसत होते. पण मी पिवळी कधी नव्हते? आक्कानं हळदीला कावीळ म्हटलं होतं. आता कावीळ आली तर मी तिला हळद म्हणत होते. आणि वखारीत कुणी कुणाचा रंग बघत नाही.

रिक्षा थांबली. सरकारी दवाखान्यातल्या त्याच समुपदेशक मॅडमनी मला दारात बघितलं आणि खुर्चीवरनं उठल्या.

"गोळी बंद केली होती?"

"व्हय."

"का?"

मी सांगितलं. सगळं, परातीसकट. कावीळ बी म्हणजे कावीळ पण, जोडीची बारकी, असं वाटलं, हेही सांगितलं. त्या आधी हसल्या. मग कपाळाला हात लावून बसल्या.

"ताई, बी म्हणजे पण नव्हे हो. एबीसीडीतला बी. काविळीच्या विषाणूंत ए आहे, बी आहे, सी आहे. तुमच्या अंगात बी आहे. बाहेर पडून गेलेला नाही, तो राहतो. तुमची रोजची गोळी एकच दिसते, पण तिच्यात औषध दोघांचं आहे. एचआयव्ही पण दाबून ठेवते आणि ह्यालाही. तुम्ही गोळी सोडली, हा उठला. लिव्हरवर बसलाय."

"उतरंल का?"

"डॉक्टर बघतील."

हो म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होते. 

भाभीनं विचारलं, "मॅडम, आमी एका डब्यात जेवतो. हळदीत सगळ्यांचं हात असत्यात."

"जेवणातनं नाही, हळदीतनं नाही. रक्तातनं जातं, अंगसंगातनं जातं, आईकडनं बाळाला जातं. तुम्ही तपासून घ्या, नसेल तर लस आहे. डबा खुशाल खा."

त्याच दुपारी मला वॉर्डात घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. नवीन रिपोर्ट बघून म्हणाल्या, "काल कुठं तपासलं होतं म्हणालात? आणि घरी पाठवलं? अशा रक्तावर घरी?" त्यांनी फाइल मिटली. पण माझ्या मनात ते बसलं. ज्या डॉक्टरनं मला आराम करा म्हटलं त्याला दिसत होतं की ही बाई मरायला टेकलीय. त्यानं एका माणसाला सावध केलं. ते माणूस मी नव्हते.

आता भीतीचं सांगते. नवरा गेला तेव्हा मी भ्याले होते, एचआयव्ही कळलं तेव्हा भ्याले होते. ही भीती तसली नव्हती.

डॉक्टरीणबाई रोज सकाळी येऊन दोन गोष्टी करायला लावायच्या. पहिली, "हात पुढं करा, पंजे वर, गाडी थांबवतो तसे. तसेच धरा." पंजे फडफडले तर वाईट. दुसरी, "आज वार कोणता?"

मला आधी वाटलं, गप्पा मारतायत. शेजारच्या कॉटवर एक बाई होती, दंडोबाच्या बाजूची, पोट घागरीसारखं फुगलेलं. चांगली बोलायची, सुनेला नावं ठेवायची. एका सकाळी तिला विचारलं, वार कोणता? ती म्हणाली, बाजार. कसला बाजार? बाजार हाय आज, म्हणाली, आणि हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत ती सुनेला ओळखेनाशी झाली. नंतर कॉट मोकळी झाली, चादर बदलली.

मी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "लिव्हर थकलं की डोक्यात चढतं, मावशी. म्हणून वार विचारतात."

त्यानंतर मी वार पाठ करायला लागले. डोळा लागायची भीती वाटायची, उठल्यावर वार सापडला नाही तर? घोट घोट पाणी प्यायचे आणि पुटपुटायचे. दाजीबाचं आठवायचं, एक दिवस बोलायचंच बंद झाला. पंजे वर धरायचे आणि बघत राहायचे. साधा वारा आला तरी वाटायचं, हलले. मी कुणापुढं हात पसरणारी बाई नव्हे, पण त्या दिवसांत मी सिस्टरच्या पदराला धरून विचारलंय, आज बुधवारच ना?

भाभी सकाळी कामावर जाण्याआधी यायची. एक दिवस म्हणाली, "आज जुम्मा हाय. ध्यानात ठेव." डॉक्टरीणबाई आल्या, वार विचारला. मी म्हटलं, "जुम्मा."

त्यांचा चेहरा उतरला. फाइल उघडायला लागल्या. मागनं सिस्टर म्हणाली, "मॅडम, शुक्रवारच म्हणाल्या त्या. मैत्रीण मुसलमान हाय त्यांची." तेव्हा त्या हसल्या. मीही हसले, आणि हसताना रडू फुटलं ते थांबेना.

गोळी पहिल्या दिवसापासून सुरू केली होती. हळूहळू रक्तातला आकडा उतरला. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वेळी वाचलात. लिव्हरला इजा झालीय, ती पुसली जाणार नाही. गोळी मरेपर्यंत. पुन्हा सोडलीत तर मी असेन इथं, तुम्ही नसाल."

समुपदेशक मॅडम भेटायला आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "त्या डॉक्टरांनी तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायला नको होतं. कायदा आहे. कामावरनंही काढता येत नाही. तक्रार करायची असली तर करता येते." कुठं करायची तेही सांगितलं. मी ऐकून घेतलं. तक्रार करायची म्हणजे नाव सांगायचं. एवढं माझं धाडस नव्हतं.

मी घरी आले. आक्का गावाकडनं आली होती, करायला. तिला अजून इतकंच माहीत होतं, की कावीळ उलटली. ती म्हाताऱ्याला दोष देत नव्हती, पथ्य मोडलं असशील म्हणत होती.

तिसऱ्या प्रहरी दिवाणजी आले. पिशवीत मोसंबी. खोलीत आले नाहीत, उंबऱ्यातच उभे राहिले.

"मावशी, बरं वाटतंय ना? मालकीणबाईंनी निरोप दिलाय. म्हणाल्या, गरीब हाय, एकटी हाय, टाकायची न्हाई तिला. एक तारखेपासनं या. निवडायला न्हाई बरं का. मागचं अंगण झाडायचं, पोती झटकायची. मागच्या दारानं यायचं. पाण्याचा तांब्या तेवढा आपला घरनं आणायचा."

आक्का म्हणाली, "लय उपकार झालं बघा."

"आन एक," दिवाणजी म्हणाले. "बायकांस्नी सांगायचं, साधी कावीळ होती, रिपोर्ट चुकला हुता. दादांचं नाव कुठं काढायचं न्हाई. घरात लग्न हाय. ती मुसलमानीण लय बडबडती, तिलाबी गप करा."

"कसला रिपोर्ट?" आक्कानं विचारलं.

दिवाणजींनी माझ्याकडं बघितलं. ओठाच्या कडेला हसले.

"सांगू का ह्यास्नी?"

 बारा वर्षं ज्याला भ्याले ते उंबऱ्यात उभं होतं, मोसंबी घेऊन. एक मान हलवली असती की ते परत गेले असते. परातीपुढं हलवली होती तशीच. आणि मग महिन्याभरानं कुणीतरी आक्काला, पोरीला, घरमालकिणीला सांगू का म्हणून पुन्हा हसलं असतं. परत मान हलवायची. परत कुणी गोळी बंद कर म्हणालं की तोंड शिवून बसायचं. शेजारची कॉट मोकळी होते तशी एक दिवस माझी.

"तुमी नका सांगू," मी म्हटलं.  "आजवर तुमीच सांगितलंय. आता मी सांगती. आक्का, मला एचआयव्ही हाय. ती शक्तीची गोळी न्हवं, त्याची गोळी हाय. नवऱ्याच्या माघारी लागली. ती बंद केली म्हणून कावीळ उठली. आन दिवाणजी, मोसंबी घेऊन जावा. मागच्या दारानं मी येणार न्हाई. मला निवडायचं काम येतंय, मी निवडायलाच बसणार. न्हाई बसू दिलं तर का न्हाई ते सगळ्यांम्होरं सांगायचं."

"मावशी, इचार करा. तुमचीच आब्रू—"

"जावा म्हटलं ना."

ते गेले. पिशवी उंबऱ्यात टाकून गेले.

आक्का भिंतीला टेकून बसली. मी चूल पेटवली, भात टाकला, वाढला. तिनं ताट पुढं ओढलं नाही आणि सरकवलंही नाही. मी दिवा मालवला. मी भिंतीकडं तोंड करून पडले. वार आठवून बघितला. आठवला.

सकाळी उठून बघते तर आक्कानं पिशवी भरली होती. पहिली गाडी धरायची म्हणाली. चप्पल घालताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "गोळी खाल्लीस का?"

"खाल्ली."

ती गेली. पुन्हा येईल की नाही मला माहीत नाही. फोन अजून आलेला नाही.

मी भाभीला बोलावून घेतलं आणि आम्ही त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. पॅसेज माणसांनी भरला होता. भाभीनं पाठीला हात लावून मला धरलं होतं. डॉक्टर राउंड संपवून त्याच पॅसेजमधनं येत होते. मी आडवी उभी राहिले.

"डॉक्टर, माझं रक्त तुमी तपासलं हुतं. काय निघालं ते मला सांगायचं राहिलंय."

त्यांनी ओळखलं. "आत या, केबिनमध्ये बोलू."

"आत नको. त्या दिवशी हितंच सांगितलं हुतं. त्या टोकाला."

माणसं बघायला लागली. डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "मावशी, तुमचीच बदनामी होईल."

"माझी झाली," मी म्हटलं. "मरू दिलं असतं तुमी मला. आराम करा म्हणालात. का म्हणालात तेवढं सांगा."

ते बाजूनं वाट काढून आत गेले, दार लावलं. मी तिथंच बाकावर टेकले. एक म्हातारा सरकला. एका बाईनं पाण्याची बाटली पुढं केली. कोण काय म्हणत होतं ते मला ऐकू येत नव्हतं, कानात नुसता घों घों आवाज.

धाप थांबल्यावर उठलो. मॅडमनी सांगितलेल्या ऑफिसात गेलो. टेबलामागच्या माणसानं तक्रार काय ते ऐकलं, पेन काढलं, आणि थांबला.

"नाव गुप्त ठेवता येतं, बाई. तशी सोय आहे कायद्यात."

"नको," मी म्हटलं.

मी माझं नाव सांगितलं. नवऱ्याचं सांगितलं, आडनाव सांगितलं, गल्ली सांगितली, वखार सांगितली. दुखणी दोन्ही सांगितली.  तो मध्ये मध्ये वर बघून थांबायचा, तेव्हा मी पुन्हा सांगत होते. मग डॉक्टरांचं नाव सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर, चुकू नये म्हणून.